मुक्या जिवाच्या वतीनें

कुत्र्याच्या आजारपणाकरितां मासिकाचीं इतकीं पानें खर्चीं घालावींत काय, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत आरंभींच येईल. ज्यांच्या घरीं कुत्रें नाहीं त्यांच्या मनांत ती येणें स्वाभाविक आहे, आणि त्यांनीं हीं पानें खुशाल उलटावींत. परंतु ज्यांच्या ओसरीवर दहा-बारा वर्षें एक मुका प्राणी वाढला, ज्याच्या पाठीस धरून घरांतील मुलें उभीं राहावयास शिकलीं, त्यांच्यावर एक दिवस असा येतो कीं, शिक्षण, सुस्थिति आणि वडीलधाऱ्यांचा अनुभव हीं सर्व घरांत असूनहि कोणास कांहीं सुचत नाहीं. पशुवैद्य म्हणतात, "पोट उघडून पाहूं, नाहीं तर याला शांतपणें जाऊं द्या. काय तें आज सांगा." दहा माणसांच्या घरांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहातो. अशा वेळीं विचार कोणत्या क्रमानें करावा, वैद्यांस काय विचारावें आणि शेवटचा शब्द कोणाचा असावा, याविषयीं आम्हांस जें पाहावयास व वाचावयास मिळालें तें येथें मांडतों.

आपल्या ग्रंथांत कुत्र्याचें स्थान मोठें चमत्कारिक आहे. धर्मशास्त्रानें त्यास अशुचि मानिलें, तरी वैश्वदेवानंतरच्या बलींत त्याचा वांटा राखून ठेविला. गीतेच्या पांचव्या अध्यायांत समदर्शी पंडिताचें लक्षण सांगतांना गाय व हत्ती यांच्या ओळींत तोहि आला. पाणिनीनें तर श्वन्, युवन् आणि मघवन् हे तीन शब्द एकाच सूत्रांत बांधून कुत्रा, तरुण आणि देवांचा राजा यांस एका पंक्तीस बसविलें. हें सांगितलें म्हणजे दुपारच्या तासास पेंगणारीं मुलेंहि जागीं होत. परंतु प्रस्तुत विषय निघाला कीं जी कथा हटकून पुढें येते ती महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांतील होय. भाऊ आणि द्रौपदी वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्राच काय तो उरला. इंद्र रथ घेऊन आला, आणि कुत्र्यास सोडून रथांत बसण्यास धर्मराजानें नकार दिला. घरांतील वृद्ध मंडळी ही कथा सांगून विचारतात, "धर्मराजानें स्वर्ग नाकारला, पण कुत्रा सोडला नाहीं. मग आपणच त्याला सुई टोंचून मारावयाचें काय?"

प्रश्न वजनदार आहे, म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे. धर्मराजानें ज्यास पातक मानिलें तें आपल्यावर विसंबलेल्या भक्ताचा त्याग होय. त्याग म्हणजे काय, एवढेंच मग ठरवावयाचें राहातें. वेदनेनें तळमळणाऱ्या प्राण्यापासून नजर चुकवून, "देवाच्या मनांत असेल तें होईल," असें म्हणत आपण माजघरांत जाऊन निजलों तर तो त्यागच नव्हे काय? उलट, त्याच्या डोक्यावर हात ठेवून शेवटच्या श्वासापर्यंत शेजारीं बसणारा मनुष्य त्यास टाकून गेला असें कसें म्हणावें? आमच्या मतें ही कथा दयामरणाच्या बाजूनें अगर विरुद्ध साक्ष देतच नाहीं. ती फक्त पाठ फिरविण्यास मनाई करते.

अधिक जवळचा दाखला १९२८ सालचा आहे. साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं पंगु होऊन पडलें होतें. शक्य ते उपचार झाले. ज्या वैद्याचें साहाय्य घेतलें त्यानें आतां आशा नाहीं म्हणून सांगितलें. वासरास कूसहि बदलवेना. गांधींनीं प्रथम आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळाशीं विचारविनिमय केला आणि मग तो विषय सर्व आश्रमवासीयांपुढें ठेविला. एका शेजाऱ्यानें कडाडून विरोध केला: जो जीव आपणांस निर्माण करितां येत नाहीं तो घेण्याचा आपणांस अधिकार नाहीं. नुसता विरोध करूनच तो थांबला नाहीं. आश्रमांतील स्त्रियांच्या सोबतीनें वासरावरील माशा वारण्याचें आणि त्यास दोन घांस भरविण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें. तरीहि वासराच्या वेदना हटेनात. अखेर गांधींनीं स्वतःच्या समक्ष डॉक्टराकडून त्यास सुई देवविली आणि दोन मिनिटांच्या आंत सर्व संपलें. गाईचें वासरूं, अहिंसेचा आश्रम आणि गांव अहमदाबाद! लोक खवळले, रागाचीं पत्रें आलीं. आपल्या साप्ताहिकांत उत्तर देतांना त्यांनीं शस्त्रवैद्याचाच दृष्टान्त घेतला. रोग्याच्या देहावर चाकू चालविणारा वैद्य हिंसा करीत नाहीं, कारण तें कर्म रोग्याच्या हितासाठीं असतें. दुसरा कोणताहि उपाय उरला नसेल तर वेदनेचा अंत करण्यासाठीं दिलेल्या मरणासहि तीच कसोटी लागूं पडते, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा दृष्टान्त आम्हांस फार मोलाचा वाटतो, कारण पुष्कळ घरांत चाकू म्हणजे माया आणि सुई म्हणजे निर्दयता, असा सरसकट हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे. कित्येकदां शस्त्रक्रिया हा घरच्यांनीं स्वतःच्या समाधानासाठीं केलेला सोपस्कार असतो, आणि कित्येकदां दयामरण ही केवळ जबाबदारींतून केलेली सुटका असते. दोन्हींकडे लबाडी शिरूं शकते.

चरकानें रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे विभाग पाडले आहेत: सहज बरा होणारा, कष्टानें बरा होणारा, बरा न होणारा परंतु उपचारानें आटोक्यांत राहाणारा, आणि वैद्यानें ज्यास हात घालूं नये असा. पशुवैद्यांस पहिला प्रश्न हाच विचारावा: हा रोग यांपैकीं कोणत्या वर्गांतला? सर्व शस्त्रक्रिया सारख्याच भयंकर वाटतात आणि तेथेंच घात होतो. उदाहरणार्थ, न कापलेल्या प्रौढ कुत्रीस माजानंतर महिना-दोन महिन्यांनीं गर्भाशयांत पू होतो. ती घटाघटा पाणी पिते, ओकते, खाणें सोडते. वयाचा दाखला देऊन "आतां हिला कशाला कापावयाचें?" असें म्हणणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. परंतु वेळेवर गर्भाशय काढून टाकिलें तर यांतील बहुतेक कुत्र्या खडखडीत बऱ्या होतात. येथें दयामरणाचा विषयच नको. मोठ्या अंगाच्या, खोल छातीच्या कुत्र्यांचें पोट एकाएकीं फुगून त्यास पीळ पडतो. कुत्रें ओकण्याचा प्रयत्न करतें पण बाहेर कांहीं पडत नाहीं, जागच्या जागीं येरझारा घालतें, तोंडास लाळ सुटते. येथें घटका मोजाव्या लागतात. तासाभरांत गांठलें तर शस्त्रक्रियेनें बहुसंख्य कुत्रीं वाचतात; सकाळपर्यंत वाट पाहिली तर विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. उलट, म्हातारपणीं मूत्रपिंडें निकामी होत जातात तो रोग याप्य. तेथें चाकूस काम नाहीं, पथ्य, औषध आणि सलाइन यांवर किती दिवस सुखाचे काढतां येतील एवढेंच पाहावयाचें.

खरी कसोटी लागते ती पाणथरीच्या गांठीच्या वेळीं. ज्यास वैद्यकांत प्लीहा म्हणतात ती पाणथरी पोटांत डाव्या बाजूस असते आणि तिच्यावांचून कुत्रें जगूं शकतें. आठ-दहा वर्षांच्या पुढें तिच्यावर एखादी गांठ मुकाट्यानें वाढत असते; बाहेरून कांहीं कळत नाहीं. एके दिवशीं ती फुटते, पोटांत रक्तस्राव होतो, कुत्रें कोसळतें, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडतात. कधीं स्राव आपोआप थांबतो, सांडलेलें रक्त थोडेंफार अंगांत जिरतें, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच कुत्रें शेपूट हालवीत दारांत येतें. घरचे म्हणतात, "उन्हानें चक्कर आली असेल." ती चक्कर नसते.

आतां पेंच पाहा. गांठ साधी असेल तर पाणथरी काढतांच कुत्रें कायमचें बरें. गांठ रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाची असेल, ज्यास डॉक्टर हीमॅन्जिओसार्कोमा म्हणतात, तर नुसत्या शस्त्रक्रियेनें सामान्यतः एक ते तीन महिने मिळतात. पुढें कर्करोगाचीं औषधें दिलीं तर चार ते सहा महिने. वर्ष पाहाणारीं कुत्रीं दहांत एखादें. आणि गांठ कोणती हें सोनोग्राफीनें खात्रीनें सांगतां येत नाहीं, पोट उघडून डोळ्यांनीं पाहूनहि नाहीं. पाणथरी काढून तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं गेल्यावर, म्हणजे शस्त्रक्रिया होऊन आठवडा लोटल्यावर, उत्तर येतें. पशुवैद्यांत एक जुना ठोकताळा आहे: अशा गांठींपैकीं दोन-तृतीयांश वाईट, आणि वाइटांपैकीं दोन-तृतीयांश याच कर्करोगाच्या. रक्तस्राव झालेला असेल तर पारडें आणखी वाइटाकडे झुकतें. दुसऱ्याच कारणानें केलेल्या तपासणींत गांठ सहज आढळली असेल तर चांगल्याकडे. सारांश, रोग सुखसाध्य कीं प्रत्याख्येय हें ठाऊक नसतांनाच ठरवावें लागतें. चरकाचे चारहि कप्पे येथें थिटे पडतात.

एक सूचना मात्र आपल्या प्रदेशापुरती अवश्य ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट आहे, आणि गोचिडांमुळें होणाऱ्या तापांतहि पाणथरी वाढते, रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात, नाकांतून रक्त येतें, कुत्रें मलूल पडतें. तो ताप वेळीं ओळखल्यास औषधानें बरा होण्याजोगा आहे. पाणथरी वाढणें निराळें आणि पाणथरीवर गांठ असणें निराळें. रक्ततपासणी झाल्यावांचून कोणीं "कॅन्सर आहे, झोपवून टाका," असें म्हटलें तर दुसऱ्या वैद्याकडे जावें.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं हा प्रसंग आला तेव्हां आम्हांसहि बोलावणें आलें होतें. वाईस नदीच्या अंगास घर, माणसें अकरा, आणि भीम नांवाचा दहा वर्षांचा लॅब्राडॉर. सकाळीं घाटावर फिरावयास नेला असतां तो मागच्या पायांवर बसला तो उठेना. गांवांतील पशुवैद्यांनीं हिरड्या पाहिल्या, सोनोग्राफी करविली. पाणथरीवर मोसंब्याएवढी गांठ आणि पोटांत रक्त. छातीचें चित्र स्वच्छ होतें, हृदयाजवळ कांहीं दिसलें नाहीं. पुण्याच्या शस्त्रवैद्यांशीं फोनवर बोलणें झालें. त्यांनीं आंकडे वर दिल्याप्रमाणेंच सांगितले, खर्च चाळीस हजारांच्या घरांत जाईल म्हणाले, आणि उत्तर रात्रीं दहापर्यंत मागितलें.

ओसरीवर बैठक भरली. भीम मधोमध पडला होता आणि जो बोले त्याच्याकडे डोळे वळवीत होता. आजी म्हणाल्या, "दहा वर्षं त्यानं आपलं दार राखलं. आतां पोट फाडून घ्यायची शिक्षा कशाला? दोन दिवस माझ्याजवळ पडूं दे." थोरले चिरंजीव म्हणाले, "पैशाचं मी बघतों, आई. पण डॉक्टर खात्री देतील तर." धाकटे, म्हणजे आमचे विद्यार्थी, खात्री कोणीच देणार नाहीं हें तीन वेळां सांगून थकले. दहावींतला नातू कांहीं न बोलतां आंत निघून गेला. मग आमच्याकडे वळून, "गुरुजी, तुम्हीच सांगा," असें झालें. परक्या घरच्या कुत्र्याचा निकाल आम्हीं द्यावा हें आम्हांस रुचलें नाहीं. आम्हीं एवढेंच विचारलें, याला रोज जेवूं कोण घालतें? सर्वांनीं थोरल्या सूनबाईंकडे पाहिलें. त्या इतका वेळ दारांत उभ्या होत्या.

त्यांनीं फोन हातांत घेतला आणि शस्त्रवैद्यांस दोन प्रश्न विचारले. पहिला: "गांठ वाईट निघाली तर दिवस किती हें तुम्ही सांगितलंत, ते दिवस कसे जातील?" उत्तर आलें कीं, जखमेचे आठ-दहा दिवस कष्टाचे, पुढें बहुतेक कुत्रीं नेहमींसारखीं खातात, फिरतात, आणि शेवट पुष्कळदां आजच्यासारखाच, अकस्मात् रक्तस्रावानें होतो. दुसरा प्रश्न: "पोट उघडल्यावर सगळीकडे पसरलेलं दिसलं तर?" पलीकडे क्षणभर थांबून वैद्य म्हणाले, "तर मी तुम्हांला टेबलावरूनच फोन करीन. तुमची परवानगी असेल तर त्याला भुलीतून जागा करणार नाहीं."

हा दुसरा प्रश्न आम्हीं मुद्दाम लिहून ठेविला, कारण तो आधीं विचारण्याचें धैर्य फार थोड्या घरांत असतें, आणि विचारला नाहीं तर व्यर्थ फाडलेलें पोट शिवून, वेदना सोसण्यासाठीं त्या जिवास पुन्हां जागें करावें लागतें. यांत एक सूक्ष्म गोष्ट आहे तीहि सांगतों. म्हाताऱ्या कुत्र्याच्या यकृतावर निरुपद्रवी गांठीहि असतात. तेव्हां 'पसरलें आहे' असें नुसत्या नजरेनें कशावरून ठरविणार, हेंहि वैद्यांस आधींच विचारून ठेवावें. सूनबाईंनीं तेंहि विचारलें. मग फोन ठेवून त्या सासूबाईंस म्हणाल्या, "आई, पसरलं नसलं तर त्याला आणायचा. पसरलं असलं तर तिथंच निजूं द्यायचा. जागरण मी करीन." आजींनीं डोळ्यांस पदर लावला, पण नाहीं म्हटलें नाहीं.

पसरलेलें दिसलें नाहीं. पाणथरी काढली, रक्त देण्यासाठीं शेजारचा तरणा अल्सेशियन पुण्यास नेला होता. नवव्या दिवशीं अहवाल आला: गांठ वाईटच. पुढील औषधांसाठीं दर तीन आठवड्यांनीं पुण्यास न्यावें लागलें असतें आणि मोटारींत भीम थरथर कांपे. तो नाद त्यांनीं सोडला. शस्त्रक्रियेनंतर तो चौसष्ट दिवस जगला. पहिले दहा दिवस त्याचे व सूनबाईंचेहि फार कठीण गेले. नंतर तो घाटावर जाऊं लागला, पाण्यांत पाय घालून उभा राहूं लागला, गणपतींत खिरापतीच्या तबकाशीं जागा धरून बसला. चौसष्टाव्या दिवशीं पहांटे तो पुन्हां कोसळला. गांवांतील वैद्य तासाभरांत घरीं आले आणि सूनबाईंच्या मांडीवर त्याचा शेवट झाला. आजींनीं त्याच्या तोंडांत गंगाजळ घातलें. त्या दिवशीं घरांत वाद झाला नाहीं. तो चौसष्ट दिवसांपूर्वींच होऊन गेला होता.

"दोन महिन्यांसाठीं चाळीस हजार!" असें आळींत बोललें गेलें. आम्हीं गणित मांडून पाहिलें. दहा वर्षांच्या आयुष्यांत चौपन्न सुखाचे दिवस म्हणजे सत्तर वर्षें जगणाऱ्या मनुष्याच्या हिशेबांत वर्षभर झालें. मनुष्यास वर्षभर बरें जगतां येईल म्हणून आपण शस्त्रक्रिया करवितों कीं नाहीं? अर्थात् हें गणित भीमापुरतें. दुसऱ्या एका घरीं चौदा वर्षांची कुत्री होती. तशीच गांठ फुटलेली, फुप्फुसांत डाग दिसत होते, मूत्रपिंडेंहि थकलेलीं. त्यांनीं त्याच संध्याकाळीं तिला निरोप दिला. तोहि निर्णय आमच्या मतें तितकाच योग्य होता. आणि तिसरें एक घर आम्हांस ठाऊक आहे, सुशिक्षित, संपन्न. तेथें कुत्रें कोठीच्या खोलींत गोणपाटावर आठ दिवस कण्हत पडलें होतें. चाकू नको कारण आजोबांस पटत नाहीं, सुई नको कारण पाप लागेल, आणि वेदनाशामक औषध कोणीं आणावयाचें हें ठरलें नाहीं म्हणून तेंहि नाहीं. त्या आठ दिवसांस आम्ही अहिंसा म्हणण्यास तयार नाहीं.

एकत्र कुटुंबांत हा धोका अधिक. शेतीची वांटणी, मुलीचें स्थळ, घराची दुरुस्ती यांचा निर्णय कर्त्यानें द्यावा हें खरें. पण कर्ता सकाळीं नऊस कचेरीस जातो आणि कुत्र्याची कूस दिवसांतून सहा वेळां दुसरेंच कोणी बदलतें. जो शुश्रूषा करणार त्याचा शब्द शेवटचा, आणि जो पैसे देणार त्यानें आपली मर्यादा आधीं स्पष्ट सांगावी, असें आम्हांस वाटतें. मर्यादा सांगण्यांत लाज नाहीं. मुलीच्या शिक्षणाचे पैसे पाणथरीवर खर्च करण्याची सक्ति कोणत्याहि शास्त्रानें केलेली नाहीं. शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. मुंबईस परळ येथें बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. पुष्कळ ठिकाणीं खर्च खासगीपेक्षां कमी येतो. तेंहि न झेपलें तर कर्ज काढण्याऐवजीं वेदनारहित शेवट निवडणारा गृहस्थ आमच्या लेखीं निर्दय नव्हे.

शस्त्रक्रिया न करितां औषधावर ठेवावयाचें ठरलें तर 'आतां पुरे' हें कधीं म्हणावयाचें, हा प्रश्न राहातोच. ॲलिस विलालोबोस नामक अमेरिकन पशुवैद्य बाईंनीं २००४ सालीं त्यासाठीं एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत, असे सात विषय. प्रत्येकास दहा गुण. एकूण पस्तिसाच्या वर असेल तर पुढें चालूं द्यावें. पस्तीस हा आंकडा आमची पाठ येथेंहि सोडीत नाहीं! गुण देण्यांत आमचा जन्म गेला, म्हणून परीक्षकाची खोड आम्ही जाणतों: आवडत्या विद्यार्थ्यास तो चौतिसावर ठेवीतच नाहीं, कोठून तरी एक गुण काढतो. यास्तव घरांतील दोघांतिघांनीं एकमेकांस न दाखवितां गुण द्यावे, आणि त्यांत एक जण असा असावा जो रोज घरीं नसतो. आठवड्याच्या अंतरानें आलेल्या पाहुण्यास जें दिसतें तें रोज पाहाणाऱ्यास दिसत नाहीं. वेदना मोजतांना कण्हण्याची वाट पाहूं नये. पुष्कळ कुत्रीं वेदना मुकाट्यानें सोसतात. रात्रीं जागा बदलत राहाणें, विश्रांति घेत असतांहि धापा टाकणें, अंधारांत तोंड करून बसणें, हींच त्यांची भाषा.

कायद्याचा अडथळा नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें, प्राणी ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें त्यास अनावश्यक वेदना होऊं न देण्याचें कर्तव्यच सांगितलें आहे. मनुष्याच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिली ती मुभा केवळ निष्फळ उपचार थांबविण्याची आहे. सुई देण्याची नव्हे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनीं हा फरक नीट समजून घेतलेला बरा.

सुई देणारा नोंदणीकृत पशुवैद्यच असावा आणि पद्धत आधीं विचारावी. प्रथम गुंगीचें औषध देऊन, मग शिरेंतून बार्बिट्युरेट वर्गांतील भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते. प्राणी बेशुद्ध होतो, नंतर श्वास व हृदय थांबतें. शुद्धींत असतांनाच हृदय बंद पाडणारीं क्षारांचीं द्रावणें टोंचण्याची रीत कोणी सुचविली तर साफ नाहीं म्हणावें. ती फार क्लेशकारक आहे. मृत्यूनंतर डोळे उघडेच राहातात, एखादा मोठा उसासा येतो, लघवी होते. हें ठाऊक नसलें कीं घरचे घाबरून ओरडतात, "अजून जिवंत आहे!" म्हणून मुलांस जवळ थांबूं द्यावयाचें असेल तर हें सर्व त्यांस आधीं सांगावें, आणि 'झोपविलें' असें सांगूं नये. पांच वर्षांचें पोर त्याच रात्रीं स्वतः झोपावयास भितें. मेला, म्हणावें.

दहनाची सोय कांहीं मोठ्या शहरांत झाली आहे. परसांत पुरावयाचें असेल तर खड्डा कमरेइतका खोल हवा आणि तो विहिरीपासून दूर हवा. मरणासाठीं दिलेलें औषध देहांत तसेंच राहातें; उथळ खड्डा उकरून तें मांस खाणारीं भटकीं कुत्रीं व कावळे त्या औषधानें मरतात. गुरांस दिलेल्या डायक्लोफेनॅकनें आपल्या देशांतील गिधाडें कशीं नाहींशीं झालीं आणि २००६ सालीं त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी कां घालावी लागली, हें वाचकांस ठाऊक असेलच. वाईच्या घरीं खड्डा धाकट्यांनीं व दहावींतल्या त्या नातवानें मिळून खणला. आजी पायरीवर बसून, अजून वीतभर, अजून वीतभर, असें सांगत होत्या.